‘सगळे’ म्हणजे कुणाचे?

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’विषयी मराठीत जे लिहिले गेले, त्यात निर्मळ विनोद, निरागसता, भोळाभाबडा संसार हे शब्द इतक्यांदा येतात की पुस्तक न वाचलेल्याला ते एखाद्या हसऱ्या आजीच्या गप्पांचे पुस्तक वाटावे. विनोद आहेच. पण या कौतुकाने पुस्तकाचे नुकसान केले आहे. धन हा परमार्थाच्या वाटेवरचा अडसर आहे, ही ख्रिस्ती शिकवण ज्या गोष्टीत सर्वांत उघडपणे येते ती श्रीमंत माणसाची गोष्ट. आणि तिच्यावरचे मराठीतले सर्वांत गंभीर भाष्य ‘स्मृतिचित्रे’त आहे, असे माझे म्हणणे आहे. ते आपल्या समीक्षेला दिसले नाही, कारण ते स्वयंपाकघरातून केलेले आहे.

आधी गोष्ट. मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात एक माणूस धावत येतो, येशूपुढे गुडघे टेकतो आणि अनंतकाळचे जीवन मिळवायचे तर काय करावे असे विचारतो. आज्ञा त्याने लहानपणापासून पाळलेल्या आहेत. येशू त्याच्याकडे पाहतो आणि त्याला त्या माणसाविषयी प्रेम वाटते. हा तपशील फक्त मार्ककडे आहे. मत्तय आणि लूक यांनी तो ठेवलेला नाही. मग येशू सांगतो की तुझ्यात एकच उणे आहे: असेल ते विकावे, गोरगरिबांना द्यावे आणि मागून यावे. माणसाचा चेहरा उतरतो. तो निघून जातो, कारण त्याची मालमत्ता मोठी असते. त्याचे पुढे काय झाले हे मार्क सांगत नाही.

तो गेल्यावर उंट आणि सुईच्या नाकाची उपमा येते, आणि तिथून पुढचा भाष्यांचा इतिहास हा बऱ्याच अंशी ते नाक रुंद करण्याचा इतिहास आहे. कुणी सांगितले, जेरुसलेमच्या तटाला त्या नावाचा एक बुटका दरवाजा होता. उंटाने ओझे उतरवून गुडघ्यांवर यायचे की झाले काम. असा दरवाजा असल्याचा पुरावा नाही, ही मध्ययुगातल्या टीकाकारांची सोय. कुणी ग्रीक शब्दातला एक स्वर बदलून उंटाचा दोरखंड केला. दोरखंडही सुईत जात नाही म्हणा, पण निदान धाग्याच्या जातीचा तरी! बाबिलोनी तालमूदात सुईच्या नाकापाशी हत्ती येतो. अशक्य ते अशक्यच, असे सांगण्याची ती त्या मुलखातली रीत असावी.

ॲलेक्झांड्रियाचा क्लेमेंट या सगळ्यांहून हुशार. इ. स. २००च्या सुमाराला त्याने कोणता श्रीमंत तरेल या एका प्रश्नावर अख्खे प्रवचन लिहिले. त्याचे म्हणणे असे की टाकायची ती आसक्ती, धन नव्हे. शिवाय सगळ्यांनीच सगळे टाकले तर उपाशी माणसाला जेवू कोण घालणार? यातले पहिले उत्तर गेली अठराशे वर्षे श्रीमंतांच्या भलतेच उपयोगी पडले आहे. दुसरा प्रश्न मात्र खरा आहे, आणि मला त्याच्याकडे परत यायचे आहे.

पहिले उत्तर मराठी कानाला अगदी घरचे वाटते. आसक्ती सुटली की राजवाड्यातही विदेही होता येते, हे जनकराजाच्या कथेने आपल्याला शिकवलेच आहे. आणि ज्याने खरोखर सारे टाकले त्याला आपण विरक्त म्हणतो. दोन्हीकडे चिंता एकाच माणसाची, ज्याच्याकडे धन आहे त्याच्या मनाची. म्हणून श्रीमंत माणसाची गोष्ट मराठीत वाचताना ती नकळत वैराग्याची गोष्ट होते. पण तिच्यात आणखी कुणीतरी आहे. विकायचे ते गरिबाला देण्यासाठी. मार्कने आज्ञांच्या यादीत मोशेच्या दहांबाहेरची एक आज्ञा घातली आहे: कुणाला नाडू नये. तिथले ग्रीक क्रियापद दुसऱ्याचे देणे अडकवून ठेवण्यासाठीही वापरतात. तेव्हा त्या सज्जन माणसाची मालमत्ता कुठून आली असेल, हा प्रश्न गोष्टीतच पेरलेला आहे. चौथ्या शतकातल्या कैसरियाच्या बॅसिलने तो उघड केला. त्याने कप्पदोकियातला दुष्काळ पाहिला होता. कोठारात राखून ठेवलेले अन्न हे उपाशी माणसाचेच असते, असे तो श्रीमंतांना तोंडावर सांगतो.

या दृष्टीने पाहिले तर आपले तुकोबा संन्याशापेक्षा त्या गोष्टीच्या जवळचे. महिपतीच्या हकिगतीप्रमाणे त्यांनी वडिलार्जित सावकारीची खते धाकट्या भावाशी, कान्होबाशी, निम्मी निम्मी वाटून घेतली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. खते बुडाली म्हणजे कुळे सुटली. भावाच्या वाट्याला हात लावला नाही, हे परंपरेला आवर्जून सांगावेसे वाटले, याचे मला फार मोल वाटते. सगळे टाकायचे खरे, पण त्यातले माझे किती? जिजाईचा वाटा मात्र कुणी काढला नाही. तिला कजाग ठरवून आपण मोकळे झालो.

ही गोष्ट काही देहूपुरती नाही. तिसऱ्या शतकात इजिप्तमधल्या अंतोनीने प्रार्थनामंदिरात श्रीमंत तरुणाचे वाचन ऐकले आणि आईबापांमागे राहिलेली ३०० अरूरा सुपीक जमीन गावकऱ्यांना देऊन टाकली. सामानसुमान विकून गरिबांत वाटले, धाकट्या बहिणीसाठी थोडे मागे ठेवले. पुढे उद्याची चिंता करू नये हे वाचन कानावर पडले, तेव्हा तेही दिले आणि बहिणीला विश्वासातल्या व्रतस्थ स्त्रियांकडे सोपवून तो निघाला. अथेनेसियसने लिहिलेले हे चरित्र पुढच्या साऱ्या ख्रिस्ती वैराग्याचा नमुना ठरले. त्यात बहिणीला नाव नाही, आणि या साऱ्याविषयी तिला काय वाटले याची एक ओळही नाही. तसेच पेत्राचे. श्रीमंत माणूस पाठ फिरवतो न फिरवतो तोच पेत्र बोलतो, आम्ही तर सगळे सोडून आलो आहोत. सोडलेल्यांची यादी येते: घर, भावंडे, आईबाप, मुले. लूकच्या यादीत बायकोही आहे. पेत्राला सासू होती, ती तापातून उठून पाहुण्यांची उठबस करू लागली, हे मार्कनेच पहिल्या अध्यायात सांगितले आहे. त्या घरात पेत्र गेल्यावर काय झाले?

‘स्मृतिचित्रे’ हे त्या घरातून लिहिलेले पुस्तक आहे. १९३४ ते १९३६ या काळात ते चार भागांत निघाले. मराठी न येणाऱ्यांना आता शान्ता गोखले यांचा संपूर्ण इंग्रजी अनुवाद (२०१७) उपलब्ध आहे. नारायण वामन टिळक, मराठीतले मोठे कवी, १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती झाले. बायकोला विचारले नव्हते. पाचेक वर्षांनी, १९०० साली, तिने आपल्या मनाने बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. देऊन टाकणे हा स्वभाव, न सांगता निघून जाणे हाही स्वभावच, आणि कुणाही गरजवंताला घरी घेऊन येणे ही रोजची रीत. १९१७मध्ये मिशनची नोकरी म्हणजेच बांधीव पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा केला.

लक्ष्मीबाई या कशावरही निवाडा देत नाहीत. त्यांची पद्धत अशी, की नवऱ्याचा उदात्त विचार जसाच्या तसा मांडायचा आणि त्याच्या शेजारी, आवाज न चढवता, घरात संध्याकाळी काय शिजणार हा प्रश्न ठेवायचा. आपण हसतो. हसू येते ते या दोन गोष्टी एकाच घरात राहतात म्हणून, आणि याच हसण्यावर आमच्या समीक्षकांनी समाधान मानले. हल्ली उलट टोक निघाले आहे, लक्ष्मीबाई म्हणजे एका लहरी नवऱ्याची सोशीक बळी. हे तर त्यांनी मुळीच मान्य केले नसते. त्यांचे नवऱ्यावर प्रेम आहे, त्याच्या देवावरही आहे, आणि शिल्लक टाकण्याची वकिली त्या कुठे करत नाहीत.

मग त्या काय करतात? जलालपूरच्या घरात वडिलांच्या कडकडीत सोवळ्यात वाढलेली ही बाई पुढे दुसऱ्यांची पोरे आपल्या पंक्तीला बसवते. टिळक माणसे आणत, लक्ष्मीबाई त्यांना वाढत. इथे क्लेमेंटचा प्रश्न मला आठवतो. सगळे टाकल्यावर उपाशी माणसाला जेवू कोण घालणार, तर जिने टाकलेले नाही ती. येशूची आज्ञा दुहेरी होती, विकण्याची आणि देण्याची. या घरात तिची वाटणी झाली. सोडणे नवऱ्याकडे आले. देणे, म्हणजे रोज उठून तांदूळ निवडणे, आजाऱ्याचे काढणे, आणखी एका तोंडासाठी भाकरी थापणे, बायकोकडे. आणि मराठी वाङ्मयाने पहिल्या अर्ध्याला त्याग म्हटले, दुसऱ्या अर्ध्याला संसार.

अंतोनीच्या बहिणीला लिहिता येत असते तर ख्रिस्ती परंपरेला वैराग्याचे आणखी एक पुस्तक मिळाले असते की वैराग्याला दिलेले उत्तर, हे मला ठरवता येत नाही. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात दोन्ही आहे, म्हणून ते संतचरित्रांच्या फडताळातही बसत नाही आणि तक्रारअर्जांच्याही.

टिळक १९१९ साली मे महिन्यात वारले. त्यांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ तेव्हा थोडेसेच झाले होते. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले.