दानाचा भूगोल आणि ध्रुवीय महासागर

सार्वजनिक दानासंबंधी लिहिताना दाता कोण व घेणारा कोण एवढेच आपण पाहतो. दान किती लांबवर जाऊ शकते, याचा विचार सहसा करीत नाही. वास्तविक दानालाही भूगोल असतो. ध्रुवीय महासागराच्या रक्षणाकरिता झटणाऱ्या ना-नफा संस्था आणि त्यांना द्रव्य पुरविणारे न्यास यांच्याविषयी काही म्हणावयाचे, तर आरंभ या भूगोलापासूनच केला पाहिजे. त्यासाठी पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड हे दोन तालुके निवडणे प्रथमदर्शनी विक्षिप्त वाटेल. परंतु ते तसे नाही. दोन्ही तालुके पर्जन्यछायेतील, दोहोंना भीमेचा शेजार, आणि दोहोंत औद्योगिक वसाहती: शिरूरमध्ये रांजणगावची, दौंडमध्ये रासायनिक कारखान्यांसाठी ओळखली जाणारी कुरकुंभची. येथे नफा निर्माण होतो, आणि त्या नफ्यातील दानाचा अंश कोठवर जावा हे कायद्याने आखून दिले आहे.

२०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून अमलात आले. ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यापैकी किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्चावी, असे ते सांगते. यातील एका परंतुकाकडे अभ्यासकांनी अवश्य लक्ष द्यावे. कंपनी जेथे काम करते त्या स्थानिक क्षेत्रास व भोवतालच्या प्रदेशास तिने प्राधान्य द्यावे, असे तेथे म्हटले आहे. हे प्राधान्य मार्गदर्शक आहे, बंधनकारक नव्हे, असा खुलासा शासनाने २०२१ मध्ये केला खरा. परंतु दुसरी मर्यादा मात्र पक्की आहे. भारताबाहेर केलेले कोणतेही कार्य या खर्चात धरले जात नाही. अपवाद आहे तो केवळ राज्याचे वा देशाचे प्रतिनिधित्व करणाऱ्या खेळाडूंच्या प्रशिक्षणाचा. म्हणजे रांजणगावचा कारखाना धावपटूस परदेशी शिकावयास पाठवू शकतो. दक्षिण महासागरातील एखाद्या संरक्षित क्षेत्रासाठी तिकडे चाललेल्या कार्यास मात्र या रकमेतून एक रुपयाही देऊ शकत नाही. १९६१ च्या आयकर कायद्याची वृत्तीही याहून निराळी नव्हती. धर्मादाय उत्पन्न देशाबाहेर खर्चावयाचे, तर त्यावरील सवलतीसाठी खास आदेश लागत असे.

यावर असे म्हणता येईल की दान जवळच्यासच द्यावे, हीच आपली रीत आहे. हे म्हणणे तपासून घेतले पाहिजे. दौंडकडून सिद्धटेकास जाताना भीमा ओलांडावी लागते. पैलतीरावरील सिद्धिविनायकाचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी बांधविले. त्यांचे राज्य माळव्यात. पण त्यांची बांधकामे काशी, गया, सोमनाथ अशी राज्याच्या सीमेपलीकडे दूरवर पसरलेली आहेत. हा पैसा दौलतीचा नव्हता, खासगीचा होता, हेही महत्त्वाचे. राज्यकारभाराचा पैसा राज्यात आणि स्वतःचा पैसा जेथे मन जाईल तेथे, अशी ती विभागणी होती. गंगेकाठचा घाट माळव्याच्या रयतेस दूरचा वाटला नाही, कारण तीर्थ या कल्पनेने ते अंतर आधीच मिटविले होते. तेव्हा आपल्या परंपरेला दूरचे दान अपरिचित नव्हते. दूरच्या स्थळाशी नाते जोडणारी कल्पना मात्र त्यासाठी लागत होती.

ध्रुवीय समुद्राजवळ अशी कल्पना नाही. पुण्याने ध्रुवप्रदेशाचा विचारच केला नाही असे नव्हे. लोकमान्यांचा आर्यांच्या उत्तरध्रुवीय मूलस्थानावरील इंग्रजी ग्रंथ १९०३ साली पुण्याहूनच प्रसिद्ध झाला. पण त्यातील ध्रुव हे पूर्वजांचे घर आहे; जिवंत समुद्र म्हणून त्याचा विचार तेथे अभिप्रेतच नाही.

पश्चिमेकडील संस्थांनी ही उणीव पेंग्विनच्या चित्राने भरून काढली. त्या चित्राची थट्टा करणे सोपे आहे, पण त्यामागील काम थट्टेवारी नेण्यासारखे नाही. अंटार्क्टिकाविषयक संस्थांचा संघ, 'अंटार्क्टिक अँड सदर्न ओशन कोअलिशन', १९७८ साली स्थापन झाला. दक्षिण महासागरातील सजीव संपत्तीचे नियमन करणाऱ्या होबार्ट येथील आयोगात त्याला निरीक्षकाचे आसन आहे. तेथे निर्णय एकमताने होतात. एक सदस्य अडला की सारे अडते. अशा ठिकाणी वर्षानुवर्षे चिकाटीने मन वळवीत राहणे हेच कार्य असते, आणि त्याला पैसा लागतो. २०११ पासून या संस्थांच्या आघाडीने व 'प्यू चॅरिटेबल ट्रस्ट्स'ने रॉस समुद्रासाठी मोहीम चालविली. ऑक्टोबर २०१६ मध्ये रशियाचाही विरोध मावळला आणि सुमारे १५.५ लाख चौरस किलोमीटरचे, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचपट, क्षेत्र संरक्षित ठरले. १ डिसेंबर २०१७ पासून तो निर्णय अमलात आहे. मुदत ३५ वर्षांची. पूर्व अंटार्क्टिका व वेडेल समुद्र यांचे प्रस्ताव त्यानंतर मुख्यतः रशिया व चीन यांच्या विरोधामुळे अडून राहिले, हेही नमूद केले पाहिजे.

या दात्यांचे कौतुक करताना त्यांच्या पैशाचे मूळ विसरून चालणार नाही. १९४८ साली स्थापन झालेल्या प्यू न्यासाची संपत्ती 'सन ऑइल' या तेलकंपनीच्या संस्थापकाच्या वारसांची. तेलाच्या पैशाने बर्फाच्या समुद्राचे रक्षण व्हावे, यात विसंगती आहेच; पण कुरकुंभच्या रसायनांच्या नफ्यातून गावात वृक्षलागवड होते तेव्हा आपण ती विसंगती मुकाट्याने पचवितो. अधिक अवघड उदाहरण २०१५ मध्ये स्थापन झालेल्या 'अंटार्क्टिक वाइल्डलाइफ रिसर्च फंड'चे आहे. क्रिल म्हणजे आपल्या बाजारातील जवळ्याची आठवण करून देणारा लहानसा जीव. देवमासे व पेंग्विन यांचे जगणे त्यावर अवलंबून. हा निधी उभारणाऱ्यांत क्रिल पकडणारी नॉर्वेची 'अकर बायोमरीन' ही कंपनी होती, आणि तिच्या शेजारी उपरोक्त संघ व 'डब्ल्यूडब्ल्यूएफ'ची नॉर्वे शाखा. ज्याच्या व्यवसायाची चिकित्सा करावयाची त्याच्याच पैशावर संशोधन चालवावे काय? माझ्या मते अशा निधीचे संशोधन ग्राह्य धरता येईल, पण त्याचे मौन ग्राह्य धरता येणार नाही. कसोटीचा प्रसंगही लवकरच आला. क्रिलच्या मासेमारीची विभागवार वाटणी करणारा नियम २०२४ च्या बैठकीत मुदतवाढीअभावी संपुष्टात आला, आणि २०२५ च्या हंगामात अंटार्क्टिक द्वीपकल्पाकडील समुद्रात ६,२०,००० टनांची मर्यादा गाठली जाऊन मासेमारी वेळेआधीच बंद करावी लागली. अशा वेळी निधीतील कोण किती स्पष्ट बोलतो, यावरून त्याची किंमत करावी.

आता आपल्याकडे वळू. भारत १९८६ पासून या आयोगाचा सदस्य आहे आणि २०२१ साली त्याने वर उल्लेखिलेल्या दोन अडलेल्या प्रस्तावांना पाठिंबाही दिला. डिसेंबर १९८१ मध्ये डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय मोहीम निघाली ती गोव्याहून. ध्रुवीय संशोधनाचे राष्ट्रीय केंद्रही गोव्यातच, वास्को येथे आहे. अर्थात हे सारे शासकीय आहे. शिरूरच्या बाजरीचा आणि दौंडच्या उसाचा या समुद्राशी काही संबंध आहे काय? मोसमी वारे दक्षिण हिंदी महासागरावरून विषुववृत्त ओलांडून येतात, आणि त्याच्याही दक्षिणेचा महासागर पृथ्वीवरील वाढत्या उष्णतेचा फार मोठा वाटा शोषून घेतो. यावरून दौंडच्या एखाद्या कोरड्या वर्षाचे खापर थेट दक्षिण ध्रुवावर फोडणे हा उतावळेपणा ठरेल. परंतु संबंध आहे, आणि रांजणगाव सांडसजवळ भीमेस मिळणाऱ्या मुळा-मुठेने आणलेल्या पुण्याच्या सांडपाण्याइतका तो डोळ्यांना दिसत नाही म्हणून तो कमी खरा ठरत नाही. 'स्थानिक क्षेत्र' ही कायद्याची संज्ञा अंतर मोजते. अवलंबन मोजत नाही.

त्याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत पर्यावरणाच्या कलमात माती, हवा, पाणी, वनस्पती, प्राणी, इतकेच नव्हे तर गंगाशुद्धीचा निधीही आहे. समुद्र हा शब्द नाही. विज्ञानाच्या कलमात मात्र केंद्र शासनाच्या पैशावर चालणाऱ्या संशोधन-प्रकल्पांना साहाय्य करण्याची मुभा आहे. त्यामुळे रांजणगावच्या कारखान्यास गोव्यातील प्रयोगशाळेत होणाऱ्या ध्रुवीय संशोधनास हातभार लावण्याची वाट मोकळी दिसते. तोच नमुना अंटार्क्टिकावरील 'भारती' तळावर जाऊन गोळा केला, तर ते काम 'भारताबाहेरचे' ठरेल काय, हा वाद कायद्याच्या अभ्यासकांनी घालण्याजोगा आहे. होबार्टच्या सभागृहात बसून एखाद्या अडून बसलेल्या शिष्टमंडळाचे मन वळविणाऱ्या संस्थेस मात्र या वाटेने काहीच मिळणार नाही. आणि रॉस समुद्र संरक्षित झाला तो संशोधनाच्या जोडीला अशा मनधरणीची पाच वर्षे खर्ची पडली म्हणून. तो खर्च या दोन टक्क्यांत बसत नाही; कारखानदाराला तो करावयाचाच असेल तर स्वतःच्या खासगीतून करावा लागेल.