विक्षिप्तता आणि घाट : तीजनबाईंच्या पंडवानीचा विचार

कलावंताने रूढ चौकट मोडली की त्याच्या कलेपेक्षा त्याच्या चरित्राचीच चर्चा अधिक होऊ लागते, हा सर्वच कलांच्या इतिहासातील नित्याचा अनुभव आहे. ‘विक्षिप्त’ हा शब्द अशा वेळी टीकेच्या फार उपयोगी पडतो. तो निंदेसाठी वापरता येतो, तसाच कौतुकासाठीही वापरता येतो. आणि दोन्ही वेळी कलाकृतीकडे प्रत्यक्ष पाहण्याच्या श्रमातून टीकाकाराची सुटका होते. गायिकेच्या बाबतीत हा मोह अधिकच बळावतो, कारण स्त्रीने आवाज चढविला, अंग मोकळे सोडले किंवा चेहरा वाकडा केला तर तो तिच्या स्वभावाचा भाग मानला जातो. तिच्या कलाविषयक निर्णयाचा नव्हे.

जर्मन गायिका नीना हागेन हिचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. 1955 साली पूर्व बर्लिनमध्ये जन्मलेल्या या मुलीने 1974 साली एक गीत गायिले. सहलीला जाताना प्रियकर रंगीत फिल्म घ्यायला विसरला, एवढीच त्यातील तक्रार. परंतु ती तक्रार एका संपूर्ण करड्या राज्यव्यवस्थेविषयी आहे हे ऐकणाऱ्यांनी ओळखले. तिच्या आईचे सहचर, कवी व गायक वोल्फ बीरमान यांचे नागरिकत्व 1976 साली काढून घेण्यात आले, तेव्हा तिनेही तो देश सोडला. आणि 1978 साली पश्चिम जर्मनीत तिच्या वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. पंक नावाच्या बंडखोर संगीतप्रकाराची ती जर्मनीतील अधिष्ठात्री मानली गेली. तिचे रंगविलेले केस, वटारलेले डोळे, तिची चमत्कारिक विधाने यांविषयी विपुल लिहिले गेले. मात्र ऑपेराच्या उंच स्वरावरून एकाच ओळीत घशातील खरखरीपर्यंत उतरणारा तिचा आवाज कोणते कलात्मक कार्य करतो, हा प्रश्न त्या मानाने कमी विचारला गेला. 2021 च्या डिसेंबरात चॅन्सेलर अँगेला मेर्केल यांच्या निरोपसमारंभात त्यांच्याच इच्छेवरून लष्करी वाद्यवृंदाने ते 1974 चे गीत वाजविले, तेव्हा कालची विक्षिप्तता राष्ट्रीय स्मृतीत जमा झाली. टीकेला मध्यंतरी जे काम करावयाचे होते ते मात्र बरेचसे राहूनच गेले.

असेच राहून गेलेले काम आपल्या अगदी शेजारी आहे. नीना हागेननंतर एका वर्षाने, 1956 साली, भिलाईजवळच्या गनियारी या गावी पारधी कुटुंबात तीजनबाईंचा जन्म झाला. तोपर्यंत छत्तीसगड ज्या प्रांतात होता त्याची राजधानी नागपूर होती. त्याच वर्षीच्या 1 नोव्हेंबरला तो नव्या मध्य प्रदेशात गेला, आणि मराठी वाचकाच्या नित्याच्या दृष्टिपथातूनही दूर झाला. आईचे वडील ब्रिजलाल हे महाभारताच्या कथा गात. त्या ऐकून मुलीने त्या मुखोद्गत केल्या. तेराव्या वर्षी चंद्रखुरी या गावी तिने पहिला जाहीर कार्यक्रम केला. त्याचे दहा रुपये मिळाले. स्त्रीने उभे राहून पंडवानी गावी हे समाजाला मानवले नाही, आणि तिला बहिष्कार सोसावा लागला. पुढे मूळचे रायपूरचेच असलेले नाटककार हबीब तन्वीर यांचे लक्ष तिच्याकडे गेले. श्याम बेनेगल यांच्या 1988 च्या ‘भारत एक खोज’ या मालिकेतून ती देशभर पोचली. परदेशांतील रंगमंचांवर गेली. 2003 साली पद्मभूषण आणि 2019 साली पद्मविभूषण हे सन्मान तिच्या वाट्याला आले.

ही हकीकत खरी आहे आणि हृदयस्पर्शीही आहे. परंतु ती इतक्या वेळा आणि इतक्या एकाच क्रमाने सांगितली गेली आहे की तीच आता एक आख्यान झाली आहे. दुःख, बहिष्कार, साक्षात्कारी भेट आणि गौरव, असा या आख्यानाचा साचा आहे. त्यात पंडवानीला जागा आहे ती केवळ निमित्ताची. एखाद्या कादंबरीकाराविषयी बोलताना त्याच्या कादंबरीचा घाट न तपासता त्याच्या हालअपेष्टाच सांगत बसणे आपण टीका मानीत नाही. मग लोककलावंताच्या बाबतीत ते का चालावे? त्याच्या कलेला घाट असतो, आणि तो घाट बुद्धिपुरस्सर घडविलेला असतो, हेच जणू आपणांस मनापासून मान्य नसते.

पंडवानीच्या दोन शाखा सर्वसाधारणपणे सांगितल्या जातात. वेदमती शाखेचा गायक सबलसिंह चौहान यांच्या दोहा-चौपाईतील महाभारताचा आधार घेतो आणि वीरासनात बसून गातो. झाडूराम देवांगन, पूनाराम निषाद हे या शाखेचे थोर गायक. कापालिक शाखेतील कथा ‘कपाळी’ असते, म्हणजे स्मरणात असते. तिचा गायक उभा राहतो, चालतो, वळतो. स्त्रीने गायचेच तर बसून गावे, असा संकेत होता. तीजनबाई उभ्या राहिल्या. या घटनेकडे आजवर सामाजिक बंड म्हणून पाहिले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु तो मूलतः घाटाविषयीचा निर्णय आहे. बसलेला गायक कथेच्या एका ठिकाणी असतो. त्याचे स्थान निवेदकाचे, आणि ते अढळ असते. उभा गायक कथेच्या आत जाऊ शकतो आणि बाहेरही येऊ शकतो. निवेदनाचे अंतर कमीजास्त करण्याची ही जी मुभा आहे, तिच्यावर तीजनबाईंच्या पंडवानीची सारी इमारत उभी आहे.

याचे सर्वांत स्पष्ट साधन म्हणजे त्यांच्या हातातील तंबुरा. मोरपिसांनी सजविलेले हे वाद्य प्रथम सुराचे साधन असते. पुढच्याच क्षणी ते खांद्यावर चढते आणि भीमाची गदा होते. आडवे धरले की अर्जुनाचे धनुष्य होते. कधी ते रथ होते, कधी द्रौपदीचे केस. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. तंबुरा गदा होतो तेव्हा तो तंबुरा असल्याचे प्रेक्षक विसरत नाही. त्याने ते विसरावे अशी अपेक्षाही नसते. आपल्या संगीत रंगभूमीवर बालगंधर्वांनी स्त्रीभूमिका केल्या, त्यांचे यश भ्रांतीच्या परिपूर्णतेत होते. शालूची चुणी, दागिना, पदर हे सारे त्या भ्रांतीच्या सेवेला उभे असत. तीजनबाई मात्र ना वेष बदलतात ना रंग लावतात. लुगडे, दागिने, कपाळाचे कुंकू जसेच्या तसे ठेवून त्या दुःशासन होतात, आणि दुःशासन संपताच पुन्हा कथा सांगणारी बाई होतात. 1935 साली मॉस्को येथे चिनी नट मेइ लान्फांग यांचा अभिनय पाहून बर्टोल्ट ब्रेख्त यांना जे जाणवले, की नट पात्रात विरघळून न जाता पात्र दाखवू शकतो, ते छत्तीसगडच्या खेड्यातील श्रोत्याला निराळे शिकवावे लागत नाही. ब्रेख्तची गीते गाणारी नीना हागेन आणि ब्रेख्तचे शास्त्र न वाचता ते आचरणारी तीजनबाई यांच्यातील नाते शोधायचे असेल तर ते येथे आहे, दोघींच्या तथाकथित विक्षिप्ततेत नव्हे.

दुसरे साधन म्हणजे रागी. हा साथीदार नुसता सूर धरीत नाही. तो हुंकार देतो, शंका काढतो, मध्येच विनोद करतो, आणि गायिकेला थांबायला व पुन्हा उठायला कारण देतो. मराठी वाचकाला येथे शाहिराचा झीलकरी आठवेल, गोंधळ्याचा प्रश्न विचारणारा साथीदारही आठवेल. नारदीय कीर्तनाशी साम्य तर उघडच आहे, कारण आपला कीर्तनकारही उभा राहतो, गातो, बोलतो आणि पात्रे दाखवितो. परंतु भेदही तितकाच महत्त्वाचा आहे. कीर्तनाच्या उत्तररंगातील आख्यान पूर्वरंगातील निरूपणाला दृष्टान्त म्हणून येते. त्याचा अर्थ आधी ठरलेला असतो. पंडवानीत आख्यानाच्या डोक्यावर निरूपणाचे असे छत्र नसते. अर्थ घटनेतूनच, आणि तोही रागीच्या हुंकाराबरोबर, श्रोत्यांसमक्ष घडत जातो.

बा. सी. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांवर आपले सौंदर्यशास्त्र उभारले. त्या तत्त्वांची कसोटी लावण्याजोगी ही कला आहे. जलद गद्य निवेदन वाढत वाढत गाण्यात शिरते. गाणे ऐन भरात असता तुटते. त्या तुटण्यात एक दीर्घ स्तब्धता येते. आणि स्तब्धतेवर रागीचा एकच शब्द पडून गद्य पुन्हा सुरू होते. तीजनबाईंचा आवाज मधुर नाही. तो भरड आहे, खर्जात जाड आहे, वर चढताना तो धारदार होतो. मधुर आवाजाला भीमाची गर्जना आणि द्रौपदीचा आक्रोश यांतील विरोध पेलताच आला नसता. ज्याला श्रोता स्वभावाचा रांगडेपणा समजतो ती येथे लयीची गरज आहे.

द्रौपदीच्या प्रसंगाशी आले की चरित्रात्मक वाचनाचा मोह पुन्हा उभा राहतो. अपमानित स्त्री अपमानित स्त्रीची कथा सांगते, हे समीकरण फारच सोपे आहे. दुर्गा भागवतांच्या ‘व्यासपर्व’ने (1962) आणि इरावती कर्व्यांच्या ‘युगान्त’ने (1967) मराठी वाचकाला महाभारताकडे मानवी कथा म्हणून पाहण्याची दृष्टी दिली. ती दृष्टी घेऊन पंडवानीकडे आलेला वाचक द्रौपदीचे अंतरंग शोधू लागेल, आणि त्याची थोडी निराशा होईल. कारण या कथेचा नायक भीम आहे. आणि तीजनबाई द्रौपदीला जितके शरीर देतात तितकेच भीमाला देतात, दुःशासनालाही देतात. पदराला हात घालणारा हात आणि पदर सावरणारा हात एकाच बाईचे आहेत, हे श्रोता उघड्या डोळ्यांनी पाहतो. त्यांची पंडवानी गाऱ्हाणे होत नाही ती यामुळे. तिच्यात अत्याचार करणाऱ्याचा आवेशही आतून ओळखलेला असतो, आणि म्हणून भीमाच्या सूडाचे भय केवळ आनंदात विरून जात नाही.

रायपूरच्या बूढापाऱ्यात, बूढा तलावाच्या परिसरात, माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा आहे. मराठी घरात जन्मलेल्या आणि हिंदीची सेवा केलेल्या या लेखकाने ‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ तर हिंदीत आणलेच, शिवाय चिंतामणराव वैद्यांचा महाभारतावरील मराठी ग्रंथही ‘महाभारत मीमांसा’ या नावाने हिंदीत उतरविला. म्हणजे या एकाच शहरातून महाभारताच्या दोन वाटा जातात. एक वाट ग्रंथातून ग्रंथात जाणारी; तिच्यावर कालनिर्णय आहे, पाठभेद आहेत, मीमांसा आहे. दुसरी कपाळातून कंठात जाणारी. तिच्यावर पाठ निश्चितच होत नाही, कारण दर रात्री तो नव्याने होतो. पहिल्या वाटेला विद्वत्ता म्हणावे आणि दुसरीला केवळ परंपरा, ही वाटणी अन्यायाची आहे. कोणता प्रसंग वाढवावा, कोणता आटोपावा, कोठे रागीला बोलू द्यावे, हा निवडीचा विवेक दुसऱ्या वाटेवरही पदोपदी करावा लागतो. आणि शाळेचे शिक्षण न मिळालेल्या स्त्रीने तो केला म्हणून त्याचे बौद्धिक मोल उणे होत नाही. अनुवादकाला हे विशेष जाणवावे. पंडवानीचे शब्द कागदावर उतरविले की हाती लागते ती कथा. तिचा विरोध, तिची स्तब्धता, तंबुऱ्याचे रूपांतर हे सारे मागे राहते. संहिता हाती येते आणि कलाकृती निसटते.

तीजनबाईंच्या यशाची दुसरी बाजूही निर्भीडपणे पाहिली पाहिजे. रात्र-रात्र चालणारी ही कथा महोत्सवांच्या व्यासपीठावर अर्ध्या-पाऊण तासात बसवावी लागते. मग ‘दुःशासनवध’ हा प्रसंग पुन्हा पुन्हा निवडला जातो, कारण त्यात आवेश आहे आणि भाषा न कळणाऱ्यालाही तो कळतो. आवेशाचे शिखर तेवढे उरते. शिखराकडे नेणारी चढण, गावगप्पा, रागीशी चाललेली थट्टा ही गळून जातात. विरोधलय राहते आणि समतोल हरवतो. गायिकेच्या कर्तृत्वाला यामुळे बाध येत नाही. परंतु तिचे हे संक्षिप्त रूपच पंडवानीचे प्रमाणरूप ठरू पाहते, यात धोका आहे. बसून, वेदमती पद्धतीने गाणाऱ्या रितू वर्मांसारख्या गायिकेची संयत कला त्यामुळे फिकी वाटू लागते. आणि उभे राहून गाणाऱ्या पुढच्या पिढीकडून केवळ आवेशाची अपेक्षा केली जाते. 2023 साली पद्मश्री मिळालेल्या उषा बारले यांच्यापर्यंत अनेक स्त्रिया आज या वाटेने आल्या आहेत. एकेकाळी जो अपराध होता तो आता शिरस्ता झाला आहे. शिरस्ता झालेल्या बंडात प्राण राहावयाचा तर त्यातील घाटाचे ज्ञान पुढे जावे लागते, केवळ मुद्रा नव्हे.

आणि येथेच टीकेची जबाबदारी येते. ‘अद्भुत’, ‘रांगडी’, ‘विक्षिप्त’ अशी विशेषणे वापरून लोककलावंताला मान देणे म्हणजे त्याला कलेच्या विचारातून सन्मानपूर्वक वगळणे होय. बर्लिनच्या गायिकेला तिच्या वेषात आणि गनियारीच्या गायिकेला तिच्या दुःखात कोंडून ठेवणारी वृत्ती एकच आहे. तीजनबाईंनी आपल्या तारुण्यात समाजापुढे ठेवलेला प्रश्न उभे राहण्याचा होता. समाजाने त्याचे उत्तर उशिरा का होईना, दिले. त्यांच्या कलेने टीकेपुढे ठेवलेला प्रश्न मात्र अद्याप अनुत्तरित आहे. त्याचे उत्तर पुरस्कारांच्या यादीत मिळणार नाही. एका संपूर्ण रात्रीची पंडवानी शेवटपर्यंत ऐकून, तिचे चढ-उतार मोजून, तिच्या निवडींची कारणे शोधूनच ते द्यावे लागेल.