थळची कादंबरी थळला मिळाली नाही



मला विषय दिलाय तो असा, की सतत नवी कादंबरी, नवा लेखक शोधणाऱ्या वाचकाला हे सगळं सापडतं कसं. आता यावर मी तासभर याद्या वाचून दाखवू शकतो. यादी हा आम्हा वाचकांचा जुना आजार आहे. कुणी भेटलं की 'हल्ली काय वाचताय?' असं विचारायचं, त्याने सांगितलेलं नाव खिशातल्या चिठ्ठीवर लिहायचं, आणि आपण आधीच वाचलेलं असलं तर जरा तोऱ्यात 'ते ना, झालं वाचून' म्हणायचं. (हशा) मी हे चाळीस वर्षं केलंय. नोकरी बँकेत, रोजचा एसटीचा प्रवास, पिशवीत पुस्तक. नेमाडे वाचले, भाऊ पाध्ये वाचले, श्याम मनोहर वाचले, मार्केझ वाचला, तकळींची 'चेम्मीन' वाचली. केरळच्या कोळ्यांची ती गोष्ट वाचताना मला वाटायचं, अरे, हे तर आमच्याकडचं आहे! पण 'आमच्याकडचं' कुठे लिहिलंय, हा प्रश्न मात्र मला पडला नाही. आज त्या न पडलेल्या प्रश्नाबद्दलच बोलणार आहे.

कोकणची कादंबरी म्हटलं की आपल्या तोंडात पहिलं नाव येतं श्री. ना. पेंडशांचं. 'गारंबीचा बापू' १९५२ची, 'तुंबाडचे खोत' १९८७ची. थोर कादंबऱ्या आहेत, त्यात वाद नाही. पण नकाशा काढून बघा. बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत चढवायची, सावित्रीची खाडी ओलांडायची आणि पलीकडे वेसवीला उतरायचं. कोकणच्या कादंबरीचा जो मुलूख आपल्या डोळ्यांसमोर येतो, तो तिथून पुढे सुरू होतो. दापोली, खेड, आणि खाली खानोलकरांचं कुडाळ. खाडीच्या अलीकडे काय? र. वा. दिघे आहेत, पण ते खोपोलीच्या बाजूचे, घाटाच्या पायथ्याचे, भातशेतीचे. गो. नी. दांडेकरांची 'जैत रे जैत' कर्नाळ्याच्या सुळक्याभोवतालच्या ठाकरांची. म्हणजे डोंगर आहे, रान आहे. रेवसपासून हरिहरेश्वरापर्यंतचा समुद्र आणि त्याच्या काठची माणसं ओठांवर येतील असं मराठी कादंबरीचं नाव मात्र चटकन निघत नाही. तुमच्यातल्या कुणाला आठवत असेल तर शेवटी सांगा, मी लिहून घेईन. चिठ्ठी आहेच खिशात.

तर आता सापडण्याची गोष्ट. एका वाचनालयात, नाव नको सांगायला, बालविभागाचं कपाट आवरायला आम्ही दोघं-तिघं मदतीला गेलो होतो. इंग्रजी पुस्तकं एका खणात कोंबलेली. त्यात एक पातळसं पुस्तक निघालं: अनिता देसाई, 'द व्हिलेज बाय द सी'. शेवटच्या पानावर जो तारखांच्या शिक्क्यांचा कागद चिकटवतात, त्यावर चार शिक्के. मी सहज पहिलं पान उघडलं आणि उभ्याउभ्याच वाचत राहिलो. लेखिकेने सुरुवातीलाच सांगून टाकलंय, की थळ हे गाव खरोखर आहे आणि माणसं तिथल्याच माणसांवरून घेतलेली आहेत, फक्त नावं बदललीत. थळ! आपलं थळ, जिथून समोर खांदेरी-उंदेरी दिसतात. हे पुस्तक १९८२ साली निघालं, १९८३ साली त्याला इंग्लंडमधलं गार्डियनचं बालसाहित्याचं पारितोषिक मिळालं. आणि मी थळहून रिक्षाच्या अंतरावर राहून मार्केझचं माकोंदो पाठ करत होतो.

गोष्ट थोडक्यात सांगतो. हरी आणि लीला ही भावंडं, दोन धाकट्या बहिणी, आई अंथरुणाला खिळलेली, बाप ताडीत बुडालेला. गावात खताचा मोठा कारखाना येणार अशी कुणकुण. त्याला विरोध करायला गावकरी बोटींतून मुंबईला मोर्चा घेऊन जातात, त्यात हरीही जातो आणि तिथेच राहतो. एका खानावळीत भांडी घासतो, शेजारच्या घड्याळजीकडे घड्याळदुरुस्ती शिकतो, दिवाळीला परत येतो. पहिल्याच प्रसंगात लीला पहाटे फुलं घेऊन समुद्रातल्या तीन खडकांची पूजा करते. देऊळ नाही, मूर्ती नाही, खडक. आपल्याकडच्या बायका हे कसं करतात ते ज्याने पाहिलंय त्याला ते पान वाचताना गलबलून येतं.

आता मी वाचक म्हणून भारावलो, हे खरं. पण भारावणं आणि वाचणं यात फरक असतो. नवं पुस्तक सापडलं की आपण त्याच्या बाजूने वकिली सुरू करतो, ते टाळून बोलतो. या कादंबरीत मला दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे शेवट. आईला अलिबागच्या इस्पितळात नेल्यावर बाप तिच्यासाठी तिथेच राहतो आणि दारू सोडतो. असं होत नाही असं मी म्हणत नाही, पण ते इतक्या सहज होतं की मुलांच्या पुस्तकाला शोभेल असा शेवट हवा म्हणून केल्यासारखं वाटतं. दुसरी गोष्ट जरा जास्त गंभीर. हरीच्या घरी कोणती बोली बोलतात, ते पुस्तकात ऐकूच येत नाही. कोळ्याची, आगऱ्याची बोली इंग्रजीत कशी आणणार, हे मान्य. पण त्यामुळे ही सगळी माणसं एका सुरात, नीटनेटकं बोलतात. मी दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा प्रत्येक संवाद मनातल्या मनात आपल्या बोलीत करून बघितला. काही ठिकाणी बसला. भांडणाच्या ठिकाणी अजिबात बसला नाही.

तरीही ही कादंबरी मला मोठी का वाटते? कारण तिच्या कोपऱ्यात एक गोष्ट ठेवलेली आहे, जी तेव्हा कुणाच्या लक्षात आली नसेल. सगळं गाव घाबरलंय कारखान्याला. कारखाना आला, आज थळला उभा आहे, आपण सगळे रोज बघतो. पण याच कादंबरीत 'मॉं रेपो' नावाचा एक बंगला आहे, डिसिल्व्हा नावाच्या मुंबईकरांचा. ते सुट्टीत गाडीने येतात, लीला त्यांच्याकडे कामाला जाते, आईला इस्पितळात पोचवायची सोयही तेच करतात. कादंबरीत हा बंगला म्हणजे आधार. भीतीचा लवलेश नाही. आता थळपासून किहीमपर्यंत, उलट्या दिशेला नागावपर्यंत गाडी चालवत जा आणि मोजा, हरीची घरं किती आणि डिसिल्व्हांची किती. २०२० पासून मुंबईहून गाडीसकट रो-रो बोटीत बसून मांडव्याला उतरता येतं. किनारा बदलला तो कारखान्यामुळे कमी आणि त्या बंगल्यामुळे जास्त. लेखिकेने बंगला पाहिला, अगदी नेमका पाहिला, पण ती त्याच्या व्हरांड्यातूनच बाहेर बघत होती, म्हणून तिला त्याची भीती वाटली नाही. हा दोष म्हणायचा की प्रामाणिकपणा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

बरं, एक सापडलं की मग चटक लागते. दुसरं पुस्तक मी मुद्दाम शोधायला निघालो. आपल्या किनाऱ्यावर मराठी बोलणारा एक समाज शतकानुशतकं राहिला, त्याचं काही लिहिलेलं असेल का? मी बेने इस्रायलांबद्दल बोलतोय. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ज्यांना आपण शनिवार तेली म्हणायचो. नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं अशी त्यांची परंपरा सांगते. नवगावकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर ही आडनावं बघा, आपल्या गावांची सगळी यादी त्यात आहे. अलिबागला इस्रायल आळी आहे, तिथे मागेन अबोथ हे त्यांचं सिनेगॉग आहे. १९४८ नंतर बहुतेक घरं इस्रायलला गेली, आणि तिथूनही त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं.

यांच्यातल्या लेखिका मीरा महादेवन यांची 'अपना घर' १९६१ साली आली, पण हिंदीत. आणि एस्थर डेव्हिड यांची 'बुक ऑफ रेचल' २००६ साली आली, इंग्रजीत. तिला २०१०चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ही कादंबरी घडते आपल्याकडे, दांड्याला. रेचल एकटी राहते, मुलं इस्रायलला गेलेली, शेजारपाजारही गेलेला. ती बंद पडलेल्या सिनेगॉगची देखभाल करते, परंपरेचे पदार्थ रांधते आणि वाट बघते. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला एका पदार्थाची कृती. पहिल्यांदा मला वाटलं, हे काय पाककलेचं पुस्तक! पण चार प्रकरणांनंतर कळतं, की खायला कुणी उरलेलं नसताना ती प्रमाण मोजतेय, नारळ किती, तांदूळ किती. एकटेपणा असाही लिहिता येतो.

एक शब्द सांगतो, मलिदा. बेने इस्रायलांकडे मलिदा म्हणजे एलियाहू हनाबी, म्हणजे प्रेषित एलियाहूच्या नावाने करायचे गोड पोहे, नारळ आणि फळं घालून, नवस फेडायचा नैवेद्य. आपल्याकडे मराठीत मलिदा कोण खातो ते वर्तमानपत्रात वाचतोच. (हशा) एकाच किनाऱ्यावरचा एकच शब्द. हे असलं काही इंग्रजी पानावर आलं की अडखळायला होतं, आणि ते अडखळणं मला आवडतं. देसाईंच्या पुस्तकात मला ते हवं होतं, ते मिळालं इथे.

आणि आता बघा. या कादंबरीतला मुख्य तंटा कशावरून? सिनेगॉगच्या जमिनीवर डोळा ठेवून बिल्डर आलेत, समितीचे लोक राजी होतात की काय अशी स्थिती, आणि रेचल आडवी उभी राहते. १९८२ साली ज्या बंगल्याची भीती वाटली नव्हती, तो २४ वर्षांनी दुसऱ्या लेखिकेच्या पुस्तकात दार ठोठावायला आला. या दोघींनी एकमेकींचं वाचलंय की नाही, त्याने फरक पडत नाही. पण वाचकाने दोन्ही पुस्तकं पाठोपाठ वाचली तर एकाच जमिनीची गोष्ट दोन तुकड्यांत हाती येते. वेगवेगळ्या खणात ठेवलेली पुस्तकं आहेत ही. एक बालविभागात, दुसरं इंग्रजी पुरस्कारप्राप्त विभागात. 'या आठवड्यात वाचायलाच हवीत अशी दहा पुस्तकं' ह्या यादीत ती शेजारी शेजारी यायची नाहीत.

मग मराठीचं काय, असं कुणीतरी विचारेलच. मला विचाराल तर चरीच्या संपावरची कादंबरी मला वाचायची आहे. १९३३ ते १९३९, सहा वर्षं नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून खोतांची जमीन न कसणारी माणसं, जंगलातली लाकडं विकून जगलेली घरं. चिरनेरचा १९३०चा जंगल सत्याग्रह आहे. हे सगळं इतिहासाच्या पुस्तकांत आहे. पण सहा वर्षं चूल कशी पेटली, सुनेने माहेरी काय सांगितलं, संपातून फुटलेल्या भावाशी पुन्हा बोलणं झालं का, हे इतिहास सांगत नाही. ते कादंबरीचं काम. आणि ते आगरी बोलीत असावं, निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद तेवढे बोलीत, असं अर्धंमुर्धं नको. निवेदनसुद्धा.

एक व्यवहाराची गोष्ट सांगून थांबतो, कारण घड्याळ दाखवायला लागलेत. आपल्या गावोगावच्या वाचनालयांना १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान मिळतं, वर्ग अ, ब, क, ड प्रमाणे. त्यातून पुस्तकं घेताना ग्रंथपाल बघतात, वाचक काय मागतात. मागणीच्या वहीत मी ही दोन नावं लिहिली तेव्हा ग्रंथपालबाईंनी विचारलं, 'काका, इंग्रजी कोण वाचणार?' मी म्हटलं, मी वाचतो, मग बघू. आज 'व्हिलेज बाय द सी'वर अकरा शिक्के आहेत. त्यातले तीन माझेच आहेत, हे कबूल करतो. (हशा) दोन्ही पुस्तकं इथे टेबलावर आणलीत. ज्यांना हवी असतील त्यांनी जाताना वहीत नाव लिहून न्या. आणि त्याच वहीच्या मागच्या पानावर, खाडीच्या अलीकडची, समुद्रकाठची मराठी कादंबरी कुणाला ठाऊक असेल तर तिचं नाव लिहून ठेवा.