मालकीची भाषा: चेकॉव्हच्या ‘गूसबेरीज’चे पुनर्वाचन

जमीन आणि संपत्ती माणसाला बदलतात, या आशयसूत्राचे वाचन बहुधा नीतिकथेच्या अंगाने केले जाते. हाव वाढते, माणुसकी आटते आणि अखेर शिक्षा मिळते, असा हा ठरीव आराखडा आहे. टॉलस्टॉयच्या १८८६ मधील ‘माणसाला किती जमीन लागते?’ या कथेत तो अत्यंत प्रभावी रूपात आढळतो. जनावरे दुसऱ्याच्या रानात शिरल्याबद्दल दंड भरणारा पाहोम स्वतः जमीनधारक होताच त्याच कारणासाठी शेजाऱ्यांना न्यायालयात खेचतो. बदलाचा हा क्षण अर्थगर्भ आहे. परंतु कथा तेथे रेंगाळत नाही, ती पाहोमच्या हावेमागे धावत थडग्यापर्यंत पोचते.

चेकॉव्हची १८९८ मधील ‘गूसबेरीज’ नेमकी या क्षणावर स्थिरावते. सरकारी कचेरीतील कारकून निकोलाय वर्षानुवर्षे अर्धपोटी राहून पैसा साठवतो, पैशासाठी एका विधवेशी लग्न करतो, तिलाही उपाशी ठेवतो. सुमारे तीन वर्षांनी ती मरते. म्हणजे त्याची अमानुषता जमीन मिळण्यापूर्वीचीच आहे, ती मालकीची निष्पत्ती नव्हे. मग ११२ देस्यातिनांची जमीनदारी घेतल्यावर त्याच्यात बदलते काय?

बदलते ती भाषा. ज्याला कचेरीत स्वतःचे मत बाळगण्याचीही भीती वाटे, तो आता मंत्र्याच्या थाटात सिद्धान्त मांडतो. आजोबा शेतकरी, वडील शिपाई. तरीही तो स्वतःला उमरावांच्या ‘आम्ही’मध्ये मोजतो आणि शेतकऱ्यांनी मानाचे संबोधन वापरले नाही तर दुखावतो. त्यांना तो औषध देतो, नामदिनासारख्या प्रसंगी दारूही पाजतो. त्याचे हे औदार्य हाही मालकीचाच उच्चार होय. फळे आंबट व कडक असतानाही त्याला ती गोड लागतात, कारण तो फळ नव्हे, स्वामित्व चाखत असतो.

तथापि येथेच थांबणारे वाचन अपुरे ठरते. ही हकिकत सांगणारा इवान इवानिच पशुवैद्य आहे. भावाची मते आपणही जेवणाच्या टेबलावर व शिकारीच्या वेळी मांडत आलो, अशी कबुली तो देतो. ही मते जमिनीतून उगवलेली नाहीत; ती सुशिक्षित वर्गाच्या बोलण्यात आधीपासून वावरत आहेत. जमीन माणसाला विचार देत नाही, ते निःशंकपणे उच्चारण्याचा अधिकार देते. संपत्तीने घडणाऱ्या परिवर्तनाचे याहून सूक्ष्म निदान क्वचितच आढळेल.

निवेदनाची चौकट या निदानाला आणखी एक पीळ देते. पावसामुळे इवान व त्याचा शिक्षक मित्र बुर्किन ज्याच्याकडे आश्रय घेतात, तो अल्योहिनही जमीनदारच आहे. तो कष्टाने इतका मळलेला आहे की आंघोळ करताना त्याच्याभोवतीचे पाणी तपकिरी होते. म्हणजे मालकी सर्वांना एकाच साच्यात ओतत नाही. परंतु मालकीविरुद्धची ही तळमळीची साक्ष ऐकताना त्याला समाधान वाटते ते केवळ याचे, की बोलणे धान्य-गवताविषयी नाही, आपल्या जगण्याशी संबंध नसलेल्या कशाविषयी तरी आहे. भिंतीवरील सोनेरी चौकटींतून सेनापती व सरदारस्त्रिया पाहत असतात. मोलकरीण पेलागेया निःशब्दपणे वावरत असते. तिचे मत कोणी विचारत नाही. इवानचा नैतिक आवेश याच सुखासीनतेत उच्चारला जातो आणि तिच्यातच विरतो.

चेकॉव्हचे आजोबा भूदास होते; त्यांनी पैसे भरून कुटुंबाची मुक्तता मिळवली. चेकॉव्हने स्वतः १८९२ मध्ये मेलिखोव्हो येथे जमीन विकत घेतली. हा तपशील कथेचे स्पष्टीकरण म्हणून वापरू नये. मात्र लेखक मालकीच्या बाहेर उभा राहून न्याय देत नाही, हे त्यावरून ध्यानात येते. म्हणूनच ‘गूसबेरीज’ जमीनदाराइतकीच जमीनदारावर टीका करणाऱ्या आवाजाचीही तपासणी करते. मालकीविषयक कथनांच्या समीक्षेनेही पात्राच्या अधःपतनापाशी न थांबता, ते कोण, कोणाच्या घरात बसून सांगतो आणि तेथे कोण गप्प असते, हे विचारावयास हवे.