‘पहिला संच’, ‘वाफ’ आणि ‘ओढणे’ : एका नव्या परिभाषेची चिकित्सा

१

वस्तू बदलते आणि नाव टिकते, किंवा नाव बदलते आणि वस्तू टिकते, या दोन्ही प्रक्रिया भाषेच्या अभ्यासकास परिचित आहेत. दोहोंची उदाहरणे अहिल्यानगर जिल्ह्यात एकाच परिसरात सापडतात. दौंड-मनमाड लोहमार्गावरील ‘बेलापूर’ नावाचे स्थानक श्रीरामपूर शहरात आहे. ज्या गावावरून त्यास हे नाव मिळाले ते प्रवराकाठचे बेलापूर तेथून काही किलोमीटर दूर आहे. खुद्द जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. भूमी मात्र तीच राहिली. स्थलनामांच्या अशा फेरबदलाने नवख्या प्रवाशाची फार तर थोडी गैरसोय होते. परंतु जी वस्तू मनुष्य श्वासाबरोबर शरीरात घेतो तिच्या नावाविषयी इतके उदार राहून चालत नाही. तेथे नाव हेच अनेकदा वस्तूविषयीचे पहिले, आणि पुष्कळांच्या बाबतीत शेवटचे, ज्ञान असते.

विजेवर चालणारी सिगारेट आणि तिच्याभोवती निर्माण झालेले उपदेशपर गद्य यांचा विचार या दृष्टीने करण्यासारखा आहे. ‘नवशिक्याने पहिला संच कसा निवडावा’ हा या गद्याचा ठरलेला विषय. त्याची रचनाही ठरलेली असते : प्रथम उपकरणांचे प्रकार, मग विजेरीची क्षमता, मग द्रवातील निकोटिनचे प्रमाण, मग स्वाद, आणि शेवटी किंमत. भारतात २०१९ पासून या वस्तूंच्या विक्रीस व जाहिरातीस कायद्याने बंदी आहे. तेव्हा बेलापूरच्या वाचकापुढे अशी निवड कायदेशीर रीत्या उभीच राहत नाही. तथापि वस्तू सीमेवर अडविता येते, शब्द अडविता येत नाहीत. हे गद्य मराठीत उतरते तेव्हा कोणते शब्द स्वीकारावे लागतात आणि त्या शब्दांबरोबर कोणते अर्थ नकळत आत येतात, हा येथील प्रश्न होय.

२

प्रथम वस्तूचे स्वरूप पाहणे इष्ट आहे. या साधनात एक विजेरी, तारेचे एक वेटोळे, त्यास लागून कापसाची वात आणि द्रवाची कुपी एवढे भाग मुख्य असतात. प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांत निकोटिन व स्वादद्रव्ये मिसळून द्रव सिद्ध करतात. वात द्रव शोषते, तापलेले वेटोळे तो उडविते, आणि तो थंड होताच त्याचे अतिसूक्ष्म थेंब बनून हवेत तरंगू लागतात. ओढणाराच्या छातीत जाते ते हे थेंबांचे मिश्रण. येथे ज्वलन नाही, म्हणून धूर नाही. परंतु शास्त्रीय अर्थाने जे बाहेर पडते ती केवळ वाफही नव्हे. हा भेद पुढील विवेचनाचा पाया आहे.

या सर्व भागांची एकत्र बांधणी करून जी पेटी विकली जाते तिला इंग्रजीत ‘स्टार्टर किट’ म्हणतात. मराठीत तिचे भाषांतर ‘प्रारंभिक संच’ किंवा ‘पहिला संच’ असे होईल. ‘संच’ हा शब्द निरुपद्रवी दिसतो. पाठ्यपुस्तकांचा संच असतो, हत्यारांचा संच असतो, प्रश्नपत्रिकांचा संच असतो. संच म्हटले की शिक्षण, कौशल्य आणि पूर्वतयारी या कल्पना सोबत येतात.

मराठी समाजात व्यसनाच्या साहित्याचा संच पूर्वी नव्हता असे नाही. चंची हा असाच संच होय. कापडाच्या त्या कप्प्याकप्प्यांच्या पिशवीत पाने, सुपारी, कात, चुन्याची डबी, तंबाखू आणि अडकित्ता यांची सोय असे. परंतु चंची आणि ‘पहिला संच’ यांत एक मूलभूत फरक आहे. चंची ही सवयीच्या मागून येत असे. मनुष्य आधी दुसऱ्याच्या पुढे हात करी, मग स्वतःची डबी बाळगी, आणि चंची त्याच्या कमरेला लागे तेव्हा त्याच्या व्यसनास कित्येक वर्षे लोटलेली असत. भरलेली चंची हे जुन्या खाणाराचे लक्षण होते. नव्या पेटीने हा क्रम उलटा केला. येथे साहित्य आधी पूर्ण होते आणि सवय मागून यावी अशी अपेक्षा असते. ‘प्रारंभिक’ या विशेषणाचा खरा भार येथे आहे, आणि ‘संच’ या सौम्य नामामुळे तो वाचकाच्या लक्षात येत नाही.

३

मग प्रश्न उरतो : प्रारंभ कशाचा? या ठिकाणी या परिभाषेच्या समर्थकांची बाजू न्यायाने मांडली पाहिजे. ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या वैद्यकसंस्थेने २०१६ च्या अहवालात सिगारेट ओढणाऱ्यांनी तिच्या ऐवजी हे साधन वापरावे यास अनुकूलता दाखविली. २०२३ मध्ये तेथील सरकारने दहा लाखांपर्यंत धूम्रपान करणाऱ्यांना असा संच समुपदेशनासह देण्याची योजना जाहीर केली. त्या योजनेत ‘प्रारंभ’ म्हणजे सोडण्याचा प्रारंभ. संच घेणारा आधीच सिगारेट ओढत आहे हे तेथे स्पष्ट सांगितलेले आहे. संच ही अर्ध्या वाटेवरची पायरी आहे.

परंतु तोच शब्द दुकानाच्या फळीवर आला की ही अट गळून पडते. ‘आपला पहिला संच निवडा’ या वाक्याचा श्रोता कोण आहे हे वाक्यात कोठेच सांगितलेले नसते. चाळीस वर्षे विडी ओढणारा वृद्ध आणि कधीही काहीही न ओढलेला महाविद्यालयीन विद्यार्थी या दोघांनाही ते सारखेच लागू पडते. पहिल्याच्या दृष्टीने ‘पहिला’ म्हणजे जुन्याच्या जागी आलेला. दुसऱ्याच्या दृष्टीने ‘पहिला’ म्हणजे खरोखर पहिला. शब्द एक, गृहीतके दोन. ब्रिटनने निकोटिनचे प्रमाण दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपर्यंत मर्यादित ठेवले. पुढे १ जून २०२५ पासून एकदा वापरून टाकून देण्याच्या साधनांची विक्री बंद केली, यामागे मुलांमधील वापराची चिंता हेही एक मोठे कारण होते. म्हणजे ज्या देशात या शब्दाचा औषधी अर्थ सरकारने स्वतः रुजविला, तेथेही त्याचा दुसरा अर्थ आवरण्यासाठी कायदा करावा लागला.

‘निवड’ या शब्दाचेही असेच आहे. निवडणे म्हणजे चांगले ठेवून वाईट काढणे. तांदूळ निवडतात, भाजी निवडतात. मराठीत या क्रियापदात विवेकाची छटा आहे. उपदेशपर गद्यात मात्र निवडीचे क्षेत्र आधीच आखलेले असते : हे साधन की ते, पुदिना की आंबा, कमी निकोटिन की अधिक. ‘घ्यावे की घेऊ नये’ हा पर्याय त्या सुपात पडतच नाही. आतले दाणे काळजीपूर्वक निवडावयास लावून सुपाकडे लक्ष जाऊ न देणे, ही या गद्याची मुख्य युक्ती आहे.

४

वस्तूच्या नावाचा इतिहासही बोधप्रद आहे. ज्वलनावाचून चालणाऱ्या सिगारेटच्या कल्पनेसाठी हर्बर्ट गिल्बर्ट या अमेरिकन गृहस्थाने १९६३ मध्ये पेटंटचा अर्ज केला आणि १९६५ मध्ये ते त्यास मिळाले. वस्तू मात्र बाजारात रुजली नाही. पुढे २००३ मध्ये होन लिक या चिनी औषधशास्त्रज्ञाने आजच्या साधनाचा पाया घातला. चीनमध्ये ते ‘रुयान’ या नावाने विकले गेले. त्याचा अर्थ ‘धुरासारखे’. इंग्रजीत त्याला आधी ‘इलेक्ट्रॉनिक सिगारेट’ म्हटले गेले, आणि नंतर ‘व्हेप’ हा आटोपशीर शब्द रूढ झाला. ऑक्सफर्ड शब्दकोशाच्या संपादकांनी २०१४ चा विशेष शब्द म्हणून त्याची निवड केली. हा शब्द १९८३ मधील एका इंग्रजी लेखात, अशी वस्तू अस्तित्वात येण्यापूर्वीच, आढळतो ही गोष्ट कोशकारांनी नोंदविली आहे. ‘धुरासारखे’, मग ‘सिगारेट’, मग ‘वाफ’ : प्रत्येक टप्प्यावर नाव धुरापासून एक पाऊल दूर सरकलेले दिसते.

हे शेवटचे पाऊल मराठीत टाकले तर काय होईल? ‘व्हेप’चे सरळ भाषांतर ‘वाफ घेणे’. इंग्रजीतील मूळ शब्दापेक्षा हा मराठी प्रयोग अधिक दिशाभूल करणारा आहे, कारण मराठीत ‘वाफ घेणे’ याला आधीच एक घरगुती अर्थ आहे. पडसे झाले, छाती भरली, की पातेल्यात पाणी उकळून डोक्यावरून चादर घ्यावी आणि वाफारा घ्यावा, हा उपचार घरोघरी ज्ञात आहे. तो आई करते, आजी करते. लहान मुलांवर करते. ‘वाफ घेणे’ म्हणताच उपचार, आराम आणि वडीलधाऱ्यांची माया हा सारा अर्थपरिवार जागा होतो. निकोटिनयुक्त द्रवास हे नाव देणे म्हणजे त्यास या परिवारात दत्तक घेणे होय.

असे दत्तकविधान यापूर्वी एकदा घडले आहे. ‘धूमपान’ हा आयुर्वेदातील पारिभाषिक शब्द. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात औषधी द्रव्यांची वर्ती करून ‘धूमनेत्र’ नावाच्या नळीने तिचा धूर घेण्याचा विधी सांगितला असून त्याचे प्रायोगिक, स्नैहिक व वैरेचनिक असे प्रकार केले आहेत. तंबाखू भारतात आला तो त्यानंतर कितीतरी शतकांनी, पोर्तुगीजांच्या काळात. पुढे उपचाराचा हा शब्द, ‘धूम’चे ‘धूम्र’ होऊन, तंबाखूच्या व्यसनास चिकटला. आज ‘धूम्रपान’ म्हटल्यावर औषध कोणासच आठवत नाही. एक रोगनिवारक शब्द अशा रीतीने मराठीने गमावला. ‘वाफ’ गमावण्याची वेळ येऊ नये.

५

या युक्तिवादावर एक आक्षेप संभवतो. बाहेर पडतात ते सूक्ष्म थेंब, तर मग ‘वाफारा’ऐवजी ‘फवारा’ का म्हणू नये? प्रवराकाठच्या ऊस पिकविणाऱ्या शेतकऱ्यास ‘फवारणी’ हा शब्द रोजचा आहे. फवारणी करणाराने नाकातोंडाला फडके बांधावे हेही त्यास ठाऊक असते. तंबाखूचा काढा कीडनाशक म्हणून फवारण्याची रीतही जुनी आहे. पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने ‘फवारा’ अधिक अचूक ठरेल यात शंका नाही. परंतु तोही निर्दोष नाही. ‘वाफ’ जशी वस्तूवर न कमावलेली माया पांघरते, तसा ‘फवारा’ तिच्यावर न तपासलेला विषाचा शिक्का मारतो. निंदेचा शब्द स्तुतीच्या शब्दाइतकाच विचाराचा शत्रू आहे. जे सांगावयाचे ते विधानात सांगावे, नावात लपवू नये.

सुदैवाने मराठीपाशी एक तिसरा मार्ग आहे, आणि तो नामात नसून क्रियापदात आहे. ‘विडी’ ही ‘वीटिका’पासून आलेली, म्हणजे ‘विड्या’ची सख्खी बहीण; ‘चिलीम’ आणि ‘हुक्का’ फारसी-अरबीच्या वाटेने आले; ‘गुडगुडी’ तिच्या आवाजावरून घडली; ‘सिगारेट’ इंग्रजीमार्गे आली. साधने निरनिराळी, कुळे निरनिराळी. परंतु मराठीने सर्वांना ‘ओढणे’ या एकाच क्रियापदाखाली आणून बसविले. नाकाने घ्यावयाची तपकीरही ‘ओढली’च जाते. ज्या प्रवरेच्या काठी वरच्या अंगास विडी-तंबाखूच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेले संगमनेर आहे आणि खाली बेलापूर आहे, तेथील बोलणाराला या क्रियापदाचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. ‘ओढणे’ औषध सुचवीत नाही आणि शापही देत नाही; हा पदार्थ कोणत्या पंक्तीतला आहे एवढेच ते सांगते. ‘ई-सिगारेट ओढणे’ हा प्रयोग यास्तव ‘वाफ घेणे’पेक्षा सर्वथा श्रेयस्कर होय.

या निष्कर्षास कायद्याच्या भाषेतूनही आधार मिळतो. १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने आणि त्याच वर्षी संमत झालेल्या अधिनियमाने या साधनांचे उत्पादन, आयात-निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण व जाहिरात यांस मनाई केली. साठवणीखेरीज इतर कृत्यांच्या पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. या कायद्याची व्याख्या दोन कारणांनी लक्षणीय आहे. तिच्यात वाफेचा उल्लेख नाही. हवेत तरंगणाऱ्या कणांसाठी जो शास्त्रीय शब्द आहे, ‘एरोसोल’, तोच योजिला आहे. आणि साधन कोणत्याही नावाने ओळखले जावो, ते व्याख्येत येते असे तिने बजावले आहे. नावे बदलणार हे कायदेकारांनी आधीच ओळखले होते.

मात्र त्याच कायद्याच्या शीर्षकातील क्रिया पाहिल्या, तर त्या सर्व विकणाराच्या आहेत. ‘ओढणे’ त्यांत नाही. ओढणारा आपला निर्णय कायद्याच्या शब्दांवर नव्हे, तर स्वतःच्या भाषेतील शब्दांवर करतो. त्या ठिकाणी भाषांतरकार, कोशकार आणि भाषेचा अध्यापक यांची जबाबदारी सुरू होते. मनाई करणे हे त्यांचे काम नव्हे. ज्याला जे घ्यावयाचे ते त्याने काय आहे हे ओळखून घ्यावे किंवा नाकारावे, इतपत शब्द स्वच्छ ठेवणे हे मात्र त्यांचेच काम आहे.