देवनागरीतील कुरआन-पठण : तज्वीदच्या नियमांच्या दृष्टीने एक परीक्षण

डहाणू तालुक्यातील समुद्रकाठच्या वाढवण या गावाचे नाव अरबी लिपीत लिहावयाचे झाल्यास ‘ढ’ आणि ‘ण’ या दोन वर्णांपाशी लेखणी अडते. कारण हे ध्वनी अरबीत नाहीत. उर्दूने ‘ड’साठी नवे चिन्ह घडवून व त्यास हकार जोडून ‘ढ’ची सोय केली. देवनागरीनेही अरबी ध्वनींसाठी वर्णाखाली नुक्ता देऊन अशीच सोय केलेली आहे. लिपीत भर घालता येते, हे यावरून दिसते. परंतु नव्या चिन्हाबरोबर वाचणाऱ्याच्या मुखात नवा ध्वनी येतो काय, हा प्रश्न वेगळा आहे. मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याच्या हाती कुरआनचे देवनागरी लिप्यंतर पडते, तेव्हा हाच प्रश्न तातडीचा होतो. प्रस्तुत लेखात अरबी शब्द देवनागरीतच दिले आहेत. ज्या लिपीची परीक्षा करावयाची, तिच्यातच ती व्हावी, हा त्यामागील हेतू.

या किनाऱ्यावर अरबी शब्द देशी लिपीत उतरण्याचा इतिहास जुना आहे. डहाणू तालुक्यातीलच चिंचणी येथे सापडलेल्या ताम्रपटांपैकी शके ८४८ (इ. स. ९२६) चा ताम्रपट राष्ट्रकूट राजा इंद्र तिसरा याच्या कारकीर्दीतील आहे. त्यात संयान मंडलाचा, म्हणजे आजच्या संजाणच्या परिसराचा, अधिकारी म्हणून ‘ताजिक’ कुळातील मधुमति ऊर्फ सुगतिप याचा उल्लेख येतो. ताजिक म्हणजे अरब. ‘मधुमति’ हे ‘मुहम्मद’ या नावाचे संस्कृत रूप असावे, असे या ताम्रपटांचे संपादक दिनेशचंद्र सरकार यांनी सुचविले. घशातील हकार आणि द्वित्त मकार दोन्ही नाहीसे झाले आणि त्यांच्या जागी संस्कृतात अर्थ देणारा एक समास उभा राहिला. लेखकाला लिपी अपुरी पडली असे म्हणता येणार नाही. ‘मुहम्मद’ ही अक्षरे त्याला लिहिता आली असती. त्याने परक्या शब्दास आपल्या भाषेच्या सवयीत बसविले.

याच सुमारास बगदादमध्ये इब्न मुजाहिद (मृत्यू इ. स. ९३६) याने कुरआनच्या सात प्रमाण पाठपद्धती निश्चित केल्या, आणि तज्वीदवरील आद्य मानली जाणारी कविता लिहिणारा अबू मुज़ाहिम अल्-ख़ाक़ानी हाही त्याच काळातला. तज्वीद म्हणजे ‘चांगले करणे’. प्रत्येक वर्णास त्याचे स्थान, त्याचे गुण आणि त्याचा काल देणे. सीबवैह याने आठव्या शतकात सोळा उच्चारस्थाने मोजली होती; इब्न अल्-जज़री (१३५०–१४२९) याने ती सतरा मानली. संस्कृतातील शिक्षाग्रंथ आणि प्रातिशाख्ये यांच्याशी या शास्त्राचे साम्य अभ्यासकाच्या तत्काळ ध्यानात येते. मात्र केवळ साम्यावरून ऋण सिद्ध होत नाही. पवित्र पाठ मुखाने जपावयाचा असला की उच्चाराचे शास्त्र जन्मास येते, इतकेच त्यावरून म्हणता येते.

तज्वीदकारांनी दोषांचे दोन वर्ग केले आहेत. शब्दाचे रूप बदलणारा तो ‘लह्न-ए-जली’, अर्थात् उघड दोष. केवळ उच्चाराची परिपूर्णता उणावणारा तो ‘लह्न-ए-ख़फ़ी’, अर्थात् सूक्ष्म दोष. देवनागरी लिप्यंतराचे मोल या भेदाच्या आधारे ठरविले पाहिजे. लिप्यंतराचे समर्थक देवनागरी ही उच्चारानुसारी लिपी असल्याचे सांगून सर्व काही तीत लिहिता येईल असे मानतात. विरोधक अरबी वर्णांना तीत चिन्हे नाहीत एवढ्यावर तिचा निकाल लावतात. दोन्ही पक्षांची दृष्टी व्यंजनचिन्हांवरच खिळलेली आहे. वास्तविक अधिक हानी अन्यत्र होते.

व्यंजनांचा प्रश्न लहान आहे असे नव्हे. ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय आणि ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा. नुक्ता गळाला की अर्थ गेला. ‘ऐन’ने आरंभ होणारा ‘अलीम’ म्हणजे सर्वज्ञ, तर ‘हम्ज़ा’ने आरंभ होणारा ‘अलीम’ म्हणजे वेदनादायक. साध्या देवनागरीत दोन्ही एकच. तथापि ही उणीव संकेताने भरून काढता येते. संकेताने भरून न निघणारी अडचण ‘ज’च्या उदाहरणाने स्पष्ट होईल. मराठीत आलेले ‘जकात’, ‘जुलूम’, ‘जप्त’ आणि ‘जबाब’ हे शब्द अरबीत चार वेगवेगळ्या वर्णांनी सुरू होतात : अनुक्रमे ज़े, ज़ोय, ज़्वाद आणि जीम. मराठीत चारही ठिकाणी एकच दंततालव्य ‘ज’ ऐकू येतो. उलट ‘जिल्हा’ या शब्दाच्या आरंभीही मुळात ‘जप्त’प्रमाणे ज़्वादच आहे, परंतु तेथे पुढे इकार असल्यामुळे उच्चार तालव्य होतो. म्हणजे मराठीत ‘ज’चे स्वरूप मूळ वर्णावरून ठरत नाही, पुढील स्वरावरून ठरते. आता कुरआनमधील ‘ज़ुल्ज़िलत्’ हा शब्द घ्यावा. त्यातील दोन्ही ‘ज़’ एकच आहेत. मराठी मुख पहिला ‘जुलूम’मधल्यासारखा आणि दुसरा ‘जिल्हा’मधल्यासारखा उच्चारू पाहते, आणि एका वर्णाचे दोन वर्ण होतात. नुक्ता दोन्हीकडे अचूक छापलेला असूनही हा दोष घडतो. कारण तो कागदावर नाही, वाचणाऱ्याच्या सवयीत आहे.

स्वरांच्या बाबतीत ही सवय अधिक महाग पडते. मराठीत शब्दान्तीचा अकार सामान्यतः उच्चारला जात नाही. ‘त्याने म्हटले’ या अर्थी अरबी शब्द ‘क़ाल’ असा, शेवटचा ऱ्हस्व अकार स्पष्ट उच्चारून, पुढील शब्दास जोडावयाचा असतो. मराठी वाचक तो ‘क़ाल्’ असा वाचतो. हे टाळण्यासाठी लिप्यंतरकाराने ‘क़ाला’ असे छापले, तर त्या रूपाचा अर्थ ‘त्या दोघांनी म्हटले’ असा होतो, आणि ते द्विवचनी रूप कुरआनमध्येही आलेले आहे. तेव्हा एका बाजूस स्वरलोप आणि दुसऱ्या बाजूस वचनभेद असा पेच पडतो. संस्कृत पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला हीच अक्षरे दिली, तर तो अन्त्य अकार उच्चारील. कारण त्याचा वाचनसंकेत वेगळा आहे. लिपी एक असली तरी तिचे वाचन भाषेगणिक बदलते, हे ‘उच्चारानुसारी लिपी’च्या समर्थकांनी लक्षात घेतलेले नाही.

अन्त्य इकाराची गती याच्या उलट आहे. मराठी तो लोपवीत नाही, दीर्घ करते. ‘रब्बि’ म्हणजे ‘प्रभूचा’ (षष्ठीचे रूप) आणि ‘रब्बी’ म्हणजे ‘माझा प्रभू’. मराठी मुखात दोहोंचे ‘रब्बी’च होते. शिवाय हंगामाचे नाव म्हणून तो शब्द शेतकऱ्याच्या घरात रुळलेला आहे. तेथेही तो अरबी ‘रबीअ’मधील ऐन गाळून आणि बकार दुहेरी करूनच आला.

अरबीत वाक्यखंडाच्या शेवटी थांबताना, म्हणजे ‘वक़्फ’ करताना, अन्त्य ऱ्हस्व स्वर सोडून देतात. पुढे चालताना, म्हणजे ‘वस्ल’ करताना, तो उच्चारतात. या दृष्टीने पाहता मराठी वाचक अकारान्त शब्दावर जणू प्रत्येक वेळी वक़्फ करतो, आणि इकारान्त-उकारान्त शब्दावर खऱ्या वक़्फच्या जागीही स्वर ताणून धरतो. दोष अनियमित नाहीत; ते मराठीच्या नियमांतून नियमाने निघतात. म्हणूनच ते आधी सांगता येतात, आणि आधी सांगता येतात म्हणून शिकविताना टाळताही येतात.

अनुनासिकांच्या प्रकरणात मात्र मराठी विद्यार्थी रिकाम्या हाताने येत नाही. तज्वीदमध्ये स्वरहीन नकाराचे चार विधी आहेत : सहा कंठ्य वर्णांपूर्वी ‘इज़्हार’ (स्पष्ट उच्चार), सहा वर्णांपूर्वी ‘इद्ग़ाम’ (विलीन होणे), बकारापूर्वी ‘इक़्लाब’ (मकारात पालटणे) आणि उरलेल्या पंधरांपूर्वी ‘इख़्फ़ा’ (झाकला उच्चार). ‘मिन् बअदि’ याचे ‘मिम् बअदि’ होते. मराठीत ‘तांबे’ या शब्दातील अनुस्वार असाच मकार होतो. ‘मन् यक़ूलु’मध्ये नकार नाकातून येणाऱ्या यकारात विरतो, ‘संयम’ या शब्दाचा मराठी उच्चार त्यास अगदी जवळचा आहे. विद्यार्थ्यास एवढेच सांगावे लागते की येथे नाकातील नाद अधिक काळ, साधारणतः दोन मात्रा, धरावयाचा आहे.

परंतु हेच साहाय्य पुढे दिशाभूल करते. ‘संशय’, ‘सिंह’ या शब्दांत मराठी अनुस्वाराचा नाकातील वकार होतो. त्या सवयीने ‘इंसान’ असे छापलेले वाचले, की इख़्फ़ाच्या जागी वकार शिरतो. नद्या या अर्थाचा ‘अन्‌हार’ हा शब्द ‘अंहार’ असा लिहिला तर तोच दोष होतो. जोडाक्षराने ‘अन्हार’ लिहिला तर ‘उन्हाळा’ या शब्दातील महाप्राण ‘न्ह’ उमटतो. आणि इज़्हारला हवा असलेला सुटा नकार दोन्हीकडे हरवतो. तेथे हलन्त चिन्हावाचून गत्यंतर नाही. ‘दुन्या’ या शब्दात तर एकाच शब्दात नकार व यकार आल्यामुळे इद्ग़ाम निषिद्ध आहे. अनुस्वार छापला तर तो निषेध मोडतो.

या विवेचनाच्या आधारे दोन्ही पक्षांचा निर्णय करता येतो. कुरआन अरबीखेरीज अन्य लिपीत लिहिणे अनेक धर्मशास्त्रज्ञांनी अनिष्ट मानले आहे. भाषाशास्त्र त्या प्रश्नाच्या धार्मिक बाजूविषयी काही म्हणू शकत नाही. मात्र त्या सावधगिरीमागे भाषिक तथ्य आहे, हे त्याने मान्य केले पाहिजे. उलट, उस्तादाच्या मागून म्हणत गेले की पुरे, नियमांची आवश्यकता नाही, हे मतही टिकत नाही. तोंडी परंपरेत शिष्य गुरूचा उच्चार ऐकतो खरा, पण तो स्वतःच्या भाषेच्या कानाने ऐकतो. ज्या कानास ‘रब्बि’ आणि ‘रब्बी’ यांत भेद भासत नाही, त्यास तो केवळ पुनरावृत्तीने भासेल याची खात्री नाही. भेद कोठे आहे हे आधी सांगावे लागते. तज्वीदचे नियम हे सांगतात. परंतु ते सर्व भाषिकांसाठी एकसारखे लिहिलेले असल्यामुळे मराठी मुख नेमके कोठे चुकेल हे त्यांत सापडत नाही. ते काम मराठीच्या अभ्यासकांचे आहे.

कोकणी मुसलमानांची घरची बोली मराठी-कोकणीच्या कुळातली आहे. त्या घरातील मूल नमाजात जे शब्द उच्चारते, त्यांतील एका मात्रेने ‘प्रभूचा’ याचे ‘माझा प्रभू’ होत असेल, तर तो प्रश्न केवळ ध्वनिविचाराच्या तासापुरता राहत नाही. देवनागरी लिप्यंतराचा उपयोग करावयाचाच असेल, तर प्रत्येक स्वरहीन व्यंजनास हलन्त चिन्ह द्यावे, अन्त्य अकारासाठी स्वतंत्र खूण ठरवावी, अनुस्वार सर्वस्वी वर्ज्य करावा, आणि आरंभी मराठी वाचनसवयींची सूची जोडावी. एवढे करूनही ते लिप्यंतर अरबी अक्षरओळखीपर्यंत नेणारी पायरीच राहील. मधुमतीचे नाव कोरणाऱ्या लेखकास असे साहाय्य मिळाले नव्हते, आणि त्याला त्याची गरजही नव्हती. त्याला एका अधिकाऱ्याची ओळख पटवावयाची होती. पाठ जपावयाचा असतो तेव्हा तेवढ्याने भागत नाही.