विशिष्ट सापेक्षतेत विश्वस्थिरांकाला जागा द्यावी का?

‘जेथे गुरुत्वाकर्षण नाही, तेथे विशिष्ट सापेक्षता सिद्धांत लागू पडतो’ असे आपण वर्गात सांगतो. हे वाक्य पूर्वी सुरक्षित होते. १९९८ साली दूरच्या अतिनवताऱ्यांच्या निरीक्षणांतून विश्वाचे प्रसरण वेगावत असल्याचे दिसले, आणि या वाक्याला प्रश्नचिन्ह लागले. वेगावणाऱ्या प्रसरणाचे सर्वांत सोपे स्पष्टीकरण म्हणजे आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्ये आपल्या समीकरणात घातलेला विश्वस्थिरांक, म्हणजेच लॅम्डा. हा स्थिरांक शून्य नसेल, तर विश्वातील सर्व जडद्रव्य काढून टाकले तरी उरणारे अवकाश-काल सपाट राहत नाही. ते वक्र असते. डच खगोलशास्त्रज्ञ विलेम द सिटर यांनी १९१७ मध्येच त्याचे गणित मांडले होते.

मग सपाट अवकाश-कालावर उभारलेली विशिष्ट सापेक्षताच बदलून घ्यावी काय? काही शास्त्रज्ञ ‘होय’ म्हणतात. त्यांच्या प्रस्तावाला द सिटर सापेक्षता म्हणतात. त्याची बाजू आधी नीट समजून घेऊ, आणि मग तो कसोटीला लावू.

गावाचा नकाशा आपण सपाट कागदावर काढतो. त्यावर आधी उत्तरेला व मग पूर्वेला गेलो काय, किंवा उलट क्रमाने गेलो काय, एकाच ठिकाणी पोहोचतो. विषुववृत्तावरून निघून पाच-पाच हजार किलोमीटर असेच चाललो, तर मात्र दोन्ही वाटांनी वेगवेगळ्या ठिकाणी पोहोचू. कारण गोलावरचे सरकणे हे खरे तर पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या एखाद्या अक्षाभोवतीचे फिरणे असते. गावापुरते पाहिले तर हा फरक जाणवत नाही इतकेच.

द सिटर अवकाश-कालात हेच घडते. तेथे स्थळात किंवा काळात सरकणे हाही एक प्रकारचा फिरणेच असतो, आणि त्याच्या जोडीला एक लांबी येते. आज मोजलेल्या लॅम्डावरून ही लांबी सुमारे १७ अब्ज प्रकाशवर्षे निघते. प्रकाशाचा वेग अनंत मानला की आइन्स्टाइन यांच्या सिद्धांतातून न्यूटनची गतिकी मिळते. त्याचप्रमाणे ही लांबी अनंत मानली की द सिटर सापेक्षतेतून नेहमीची विशिष्ट सापेक्षता मिळते. १९०५ साली एक पायरी चढलो, आता दुसरी चढावी, असा हा युक्तिवाद आहे.

तो नवा नाही. इटालियन गणिती लुइजी फान्ताप्पिए यांनी १९५४ साली अशी मांडणी केली होती. १९७२ साली फ्रीमन डायसन यांनी गणितज्ञांच्या हुकलेल्या संधींविषयी व्याख्यान दिले, त्यात हेही उदाहरण होते. सममितींचा विचार शेवटपर्यंत नेला असता, तर गणितज्ञांना द सिटर यांच्या रचनेचा अंदाज निरीक्षणांआधीच करता आला असता, असे त्यांचे म्हणणे. २००७ मध्ये ब्राझीलमधील संशोधकांनी प्रस्ताव पुन्हा पुढे आणला. लॅम्डाला प्रकाशवेगासारखा मूलभूत स्थिरांक मानले, की तो कोणत्या पदार्थामुळे येतो हे विचारण्याचे कारण उरत नाही, हे त्याचे मोठे आकर्षण आहे.

गणित निर्दोष आहे. आमचे आक्षेप भौतिकीच्या बाजूने आहेत.

पहिला आक्षेप असा की ही जागा रिकामी नाही. व्यापक सापेक्षतेत कोणतेही वक्र अवकाश-काल पुरेशा लहान भागात सपाटच दिसते, आणि विशिष्ट सापेक्षता त्या लहान भागाचा सिद्धांत आहे. भाग किती लहान हवा? पृथ्वी-सूर्य अंतराएवढ्या टापूतही लॅम्डामुळे येणारी वक्रता साधारणपणे एकावर तीस शून्ये दिल्यावर होणाऱ्या संख्येत एक भाग एवढाच फरक पाडते. कोणताही प्रयोग तेथे पोहोचत नाही. जेथे फरक जाणवेल अशा अंतरांवर व्यापक सापेक्षता लॅम्डासह आधीच हजर आहे. शिवाय त्या अंतरांवरचे विश्व रिकामे नसून त्याच्या ऊर्जेचा सुमारे तीस टक्के भाग जडद्रव्याचा आहे. म्हणजे खरे विश्व आज द सिटर यांच्या नमुन्याप्रमाणे नाही, फार तर ते त्या दिशेने जात आहे.

दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा आहे. भूमिती पाहून तिचे कारण सांगता येत नाही. फ्रेड हॉइल आणि जयंत नारळीकर यांच्या स्थिर स्थिती सिद्धांतात विश्वाच्या प्रसरणाची भूमिती द सिटर यांचीच होती. लॅम्डा मात्र त्यात नव्हता. द्रव्यनिर्मिती घडवणारे एक क्षेत्र ते काम करीत होते. तो सिद्धांत पुढे निरीक्षणांना उतरला नाही, पण धडा शिल्लक राहतो. वक्रता अवकाश-कालाच्या चौकटीची आहे की चौकटीत भरलेल्या कशाची, हा निर्णय निरीक्षणांनी द्यायचा आहे. प्रस्ताव तो गृहीत धरून चालतो.

तिसरा आक्षेप ऊर्जेचा. कालातील सरकण्याची सममिती आणि ऊर्जेची अक्षय्यता यांचे नाते आपण शिकवतो. द सिटर अवकाश-कालात जे सरकणे आपल्याकडे भविष्याकडे नेते, तेच क्षितिजापलीकडच्या विरुद्ध भागात भूतकाळाकडे नेते. त्यामुळे सर्वत्र धन राहील अशी ऊर्जेची व्याख्याच करता येत नाही. पाया बदलायचा, तर एवढी किंमत देण्याची तयारी हवी. शिवाय पुंजवादानुसार निर्वातालाही ऊर्जा असायला हवी. लॅम्डाला मूलभूत म्हटल्याने तिचे काय करायचे हे सुटत नाही.

मग परीक्षा कशी घ्यावी? अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातून दीर्घिकांचा नकाशा काढणाऱ्या ‘डेझी’ प्रकल्पाने २०२४ व २०२५ साली जाहीर केलेल्या निष्कर्षांत, प्रसरण वेगावणारी कृष्ण ऊर्जा काळानुसार बदलत असावी, असा संकेत आहे. तो अद्याप पक्का झालेला नाही. पक्का झाला, तर लॅम्डाला प्रकाशवेगाच्या पंक्तीला बसवणे अवघड होईल आणि प्रस्तावाचा सरळ अर्थ कोसळेल. उलट कृष्ण ऊर्जा स्थिर ठरली, तरी प्रस्ताव सिद्ध झाला असे म्हणता येणार नाही, कारण लॅम्डासह व्यापक सापेक्षताही तेच सांगते. तिच्यापेक्षा वेगळे आणि मोजता येईल असे भाकीत करणे, हे या शास्त्रज्ञांपुढचे काम आहे.

तोवर विशिष्ट सापेक्षतेचा धडा बदलण्याची गरज आम्हांला वाटत नाही. आरंभीचे वाक्य मात्र दुरुस्त करावे. ‘जेथे गुरुत्वाकर्षण नाही’ याऐवजी ‘ज्या भागात वक्रता जाणवत नाही’ असे म्हणावे. एखादा चौकस विद्यार्थी ‘वक्रता कशामुळे येते?’ असे विचारील. त्याला जडद्रव्यामुळे येते हे सांगावे, आणि रिकाम्या अवकाशालाही ती असू शकते, यावर अजून शोध चालू आहे, हेही सांगावे.